ग्राउंड करायचंय, पैसे कुठून आणू? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही गावाकडच्या फुटबॉल क्लबांना म्हटलं होतं की ग्राउंडबद्दल काय अडचणी असतील त्या लिहून पाठवा. पत्रं, मेसेज बरेच आले, जास्त करून कोल्हापूर जिल्ह्यातून, ते अपेक्षितच होतं, पण गोव्यातल्या पेडण्याहून आणि सिंधुदुर्गातूनही आलेत. सगळ्यांचं दुखणं साधारण एकच, पोरं आहेत, खेळ आहे, ग्राउंड मात्र दगडाचं नाहीतर चिखलाचं. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत, गावात उगाच चर्चा नको.

प्रश्न : ताई, आमचा क्लब कागल तालुक्यात आहे. गावाबाहेर दोन एकराच्या आसपास जागा आहे, वडलांच्या पिढीपासून तिथंच खेळतोय. पावसात गुडघाभर पाणी, उन्हाळ्यात भेगा. आता गावातली मंडळी पैसे द्यायला तयार झालीत, जेसीबीवाला पण ओळखीचा आहे. सुरुवात कुठून करू? लेव्हल आधी की कंपाउंड आधी?

आधी सातबारा. जेसीबीवाल्याला थांबायला सांगा आणि तलाठ्याकडून त्या गटाचा उतारा काढा, कारण "वडलांच्या पिढीपासून खेळतोय" याला कागदावर काही किंमत नसते. जागा गायरान निघाली तर ती सरकारची असते, ग्रामपंचायत फक्त सांभाळते, आणि चराईच्या जागेचा वापर बदलायचा तर जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत फाइल जाते. सुप्रीम कोर्टाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं, तेव्हापासून गायरानावर एक खोली बांधायची तरी अधिकारी दहा वेळा विचार करतात. जागा कुणाच्या खासगी मालकीची असेल तर आजचा मालक फुटबॉलवेडा असेल हो, पण त्याच्या दोन पोरांच्या वाटण्या होतील तेव्हा तुमच्या मुरमावर ऊस उभा राहील. म्हणून ग्रामसभेचा ठराव किंवा मालकाशी नोंदणी केलेला भाडेकरार, यातलं एक हातात आल्याशिवाय लोकांचा एक रुपयाही जमिनीत घालू नका. हे काम कंटाळवाणं आहे, फोटो काढण्यासारखं काही नाही, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

कागद झाले की टेप घेऊन जा आणि जागा मोजा. आंतरराष्ट्रीय मापाचं ग्राउंड म्हणजे १०५ बाय ६८ मीटर, ते सत्तर-एकाहत्तर गुंठे खातं, वर बाजूला पळायला, थ्रो टाकायला जागा सोडली की तुमचे दोन एकर संपले. आता खरी गंमत सांगते, फुटबॉलच्या नियमात लहानात लहान ग्राउंड ९० बाय ४५ मीटरचं चालतं आणि ते भरतं ४०५० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक एकर. मोठ्या मापाचा हट्ट कशाला? ग्राउंड वाढलं की माती वाढते, पाणी वाढतं, रोलर मारणाऱ्याचा घाम वाढतो आणि वर्गणी मात्र तेवढीच राहते. मधलं काहीतरी माप धरा.

मातीचा हिशोब लोक अंदाजपंचे करतात आणि तिथंच फसतात. मोठ्या मापाच्या ग्राउंडवर नुसता एक इंच थर टाकायचा म्हटलं तरी ६४ ब्रास माल लागतो, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. चार इंच टाकला तर २५६ ब्रास, म्हणजे चार ब्रासच्या डंपरच्या ६४ खेपा. आता तुमच्या भागातला दर तुम्हीच लावा आणि बघा पाच लाखात काय होतं ते. मुरूम कुठल्याही टेकडीवरून रात्रीत उचलून आणायचा नाही, तहसीलदाराचा परवाना आणि रॉयल्टीची पावती लागते, नाहीतर दंड माल घेण्यापेक्षा महाग पडतो. आणि तलावातला गाळ फुकट मिळतोय म्हणून तो ग्राउंडवर ओतू नका हं! शेतात तो सोनं, ग्राउंडवर तोच गाळ पहिल्या पावसात चिखल आणि मार्चमध्ये भेगा, जे तुमच्याकडे ऑलरेडी आहे तेच पैसे घालवून परत.

तुमचा खरा आजार पाणी आहे, म्हणून सगळ्यात आधी चरी. ग्राउंडच्या चारी बाजूंनी चर मारून ती ओढ्याला किंवा रस्त्याच्या गटारीला नेऊन जोडा, मग लेव्हल करताना ग्राउंड सपाट करायचंच नाही, मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतार ठेवायचा. शंभर मीटरला एक मीटर एवढा उतार पुरतो, म्हणजे ६८ मीटर रुंदीचं ग्राउंड मधोमध कडेपेक्षा फूटभर उंच येतं, खेळताना कळत पण नाही. जेसीबीवाला डोळ्याने बघून लेव्हल करतो म्हणेल, त्याचं ऐकू नका, सर्व्हेवाल्याला एक दिवस बोलवा.

कंपाउंड सगळ्यात शेवटी. भिंत दिसते म्हणून लोक आधी भिंत बांधतात, आणि मग आत पाणी साठायला छान टाकी तयार होते.

प्रश्न : आमच्याकडे वर्गणी म्हटलं की लोक दार लावून घेतात. गणपतीची, जयंतीची, यात्रेची देऊन देऊन कंटाळलेत, वरून "मागच्याचा हिशोब दिला का" विचारतात. क्लबकडे बँक खातं नाही, पैसे सेक्रेटरीच्या गुगल पेवर येतात. काय करावं? (राधानगरी आणि भुदरगड तालुक्यातून एकसारखी तीन पत्रं)

लोकांचं काही चुकत नाहीये. सेक्रेटरी कितीही सज्जन असू द्या, ग्राउंडचे पैसे आणि त्याच्या घरचा किराणा एकाच खात्यातून जायला लागले की बोलणारे बोलणारच, आणि उद्या त्याला इन्कम टॅक्सने विचारलं तर तो काय सांगणार आहे? क्लब रजिस्टर करा. १८६० चा सोसायटी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हीखाली नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात होते. मग क्लबच्या नावाने खातं, दोघांच्या सह्या, आणि त्या खात्याचा क्यूआर कोड. नोंदणी व्हायला वेळ लागणार असेल आणि तोवर वर्गणी काढायचीच असेल तर गणपती मंडळं घेतात तशी कलम ४१ क ची तात्पुरती परवानगी धर्मादाय ऑफिसातून मिळते, ती घ्या, पावतीपुस्तकावर तिचा नंबर छापा.

जुने क्लब आहेत त्यांनी वेगळीच गोष्ट तपासा. नोंदणी असते, पण कागदावरचे विश्वस्त कोण तर अर्धे वारलेले आणि दोन पुण्याला गेलेले. कमिटी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, तो कुणी दिलेलाच नसतो, आणि मग मोठा देणगीदार किंवा बँक कागद मागते तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात. ही भानगड निस्तरायला वकील, तारखा, महिने जातात, त्यामुळे वर्गणी सुरू करायच्या आधीच तिला हात घाला.

आता मागायचं कसं. एक म्हणजे कधी मागता ते बघा. आपल्याकडे घरात पैसा दर महिन्याला येत नाही, कारखान्याचं बिल जमा झालं की येतो, आणि दूध संस्थेचं बिल दहा दिवसाला, दिवाळीला दुधाच्या दराचा फरक. जूनमध्ये पेरणी, शाळेच्या फिया, वह्या, त्या वेळी दारात गेलात तर माणूस मनात असून देऊ शकत नाही आणि एकदा "नाही" म्हटलं की दुसऱ्यांदा "हो" म्हणायला त्यालाच लाज वाटते. उसाचं पहिलं बिल पडल्यावर आठवडाभरात जा. दूधवाल्यांकडून एकदम पाच हजार मागण्यापेक्षा, ज्यांची तयारी आहे त्यांनी लेखी संमती द्यायची आणि संस्थेने दर बिलातून पन्नास रुपये कापून क्लबच्या खात्यात टाकायचे, वर्षात ३६ बिलं धरा, एका घराचे अठराशे होतात आणि कुणाला जड जात नाही. संस्थेच्या चेअरमनला पटवणं तेवढं तुमच्याकडे लागलं.

दुसरं, "ग्राउंड सुधारणा निधी" असल्या गोलमाल नावाखाली मागू नका. वस्तू मागा. एक डंपर मुरूम इतक्याला, गोलपोस्टची जोडी इतक्याला, शंभर फूट चर इतक्याला, आणि ज्याने जे दिलं ते त्याच्या नावासकट ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. माणसाला आपला डंपर कुठला ते दाखवता आलं पाहिजे. गावाकडे श्रम आणि वस्तू पैशापेक्षा सहज मिळतात, कुणाचा ट्रॅक्टर, कुणाचं डिझेल, कुणी रविवारी पंचवीस पोरं दगड वेचायला, याची पण रुपयात किंमत लावून फळ्यावर लिहा, नाहीतर ट्रॅक्टरवाल्याला वाटतं आपलं कुणी मोजलंच नाही.

हिशोबाचं विचारलंत म्हणून, वर्षाच्या शेवटी ऑडिट होईलच पण लोक तोवर थांबत नाहीत. दर महिन्याच्या एक तारखेला जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, एवढ्या तीन ओळी फळ्यावर आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. काही जमलं नाही त्या महिन्यात शून्य लिहा. शून्य लिहिलेलं बघून लोकांचा विश्वास बसतो हे मी सतरा कमिट्यांना सांगते, कुणाला पटत नाही.

प्रश्न : पाचशे रुपयाचं कूपन आणि बक्षीस म्हणून बुलेट, असा लकी ड्रॉ काढला तर एका झटक्यात काम होईल असं पोरांचं म्हणणं आहे.

नको. पैसे घेऊन कूपन विकायचं आणि चिठ्ठी काढून बक्षीस द्यायचं म्हणजे कायद्याच्या भाषेत लॉटरी, आणि खासगी लॉटरी हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम २९४ अ होतं, आता न्याय संहितेत २९७. "सगळे काढतात की" हे पोलीस स्टेशनात चालत नाही. शिवाय बुलेट बाहेरगावच्या पाव्हण्याला लागली की गावात काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे.

प्रश्न : आमच्या गावचे दोघं जुने प्लेअर बाहेर आहेत, एक दुबईला नोकरीला, दुसरा अमेरिकेत सेटल, आता तिकडचा सिटिझन झालाय. दोघंही मोठी रक्कम द्यायला तयार आहेत. थेट क्लबच्या खात्यात घेऊ का?

दुबईवाल्याचे घ्या, अमेरिकेवाल्याचे थांबवा. कितीही विचित्र वाटलं तरी कायदा असाच आहे. दुबईवाल्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय देणगी धरला जात नाही, त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स मात्र फाइलला लावून ठेवा. दुसऱ्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी तो कायद्याने परकीय स्रोत, आणि त्याचा पैसा घ्यायला २०१० च्या एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा आधी परवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या कामावर १५ लाख खर्च केलेले हवेत, वर खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडायचं. गावच्या क्लबाला हे झेपणारं नाही. आणि "मी माझ्या भावाच्या खात्यात पाठवतो, तो क्लबला देईल" ही आयडिया तो सुचवेलच, ती घेऊ नका, पळवाट म्हणून पकडली जाते आणि अडकतो तो इथला भाऊ. त्याला म्हणावं सुट्टीला आलास की पोरांना दोन आठवडे कोचिंग दे, त्याला काही परवानगी लागत नाही.

प्रश्न : पंचतारांकित एमआयडीसी आमच्यापासून जवळ आहे. सीएसआरमधून ग्राउंड करून मिळतं म्हणतात. अर्ज कुणाला करायचा? (हातकणंगले तालुका)

सीएसआर म्हणजे काय ते आधी बघू. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी बसलं तर कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकामाला द्यायचे. कामांच्या यादीत ग्रामीण खेळ आणि ऑलिम्पिकमधले खेळ आहेत, पण शब्द आहेत ते "प्रशिक्षण" असे, म्हणून तुमच्या अर्जात नुसती मातीची बेरीज नको. किती पोरं रोज येतात, कोच कोण, वयोगट कुठले, मुली किती, हे पहिल्या पानावर पाहिजे आणि ग्राउंड दुसऱ्या पानावर. पैसा क्लबच्या हातात हवा असेल तर इन्कम टॅक्सकडच्या १२ अ आणि ८० जी या नोंदण्या (दुसरीमुळे देणगीदाराला करात सूट मिळते), सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेचा सीएसआर-१ नंबर आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. एवढं नसेल तर कंपनीला म्हणा तुम्ही स्वतःच काम करून द्या, जागा पंचायतीची, ठेकेदार तुमचा, पैसा आमच्याकडे देऊच नका. बऱ्याच कंपन्यांना हे उलट सोयीचं वाटतं.

८० जी ची एक गोष्ट, घरोघरी "टॅक्समध्ये सूट मिळेल" सांगत फिरताय ना, नव्या करप्रणालीत असलेल्या पगारदाराला ती सूट मिळतच नाही, आणि जुन्या पद्धतीतही दोन हजारांवर रोख दिलेली देणगी धरत नाहीत. खोटी आशा लावू नका.

पण मला विचाराल तर मोठ्या कंपनीच्या मागे वर्षभर फिरण्यापेक्षा शिरोली, गोकुळ शिरगावच्या छोट्या फाउंड्री आणि फॅब्रिकेशनवाल्यांकडे जा. त्यांना सीएसआर लागू नाही, त्यामुळे फॉर्म नाही, मीटिंग नाही, मालक स्वतः कधीतरी कुठल्यातरी तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळलेला असतो. त्यांच्याकडे पैसे मागू नका, गोलपोस्ट मागा, रोलर मागा. गोलपोस्टचं माप आतून आत ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच, आणि पाइप १२ सेंटिमीटरपेक्षा जाड नको. उचलून नेता येणारी पोस्ट केली तर ती जमिनीला पक्की जखडायची सोय त्याच्याकडूनच करून घ्या, लहान पोरं बारला लोंबकळतात आणि मोकळी पोस्ट पुढे पडते, जगभर पोरं गेलीत त्यात.

प्रश्न : आमदार साहेबांनी यात्रेत जाहीर शब्द दिलाय, ग्राउंडसाठी निधी देतो म्हणून. कमिटी म्हणते आता वर्गणीची गरज नाही.

आमदार-खासदारांचा निधी क्लबाच्या हातात येत नाही. खासदाराला वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात, आमदारांचंही तसंच, ते पत्र देतात, जिल्हाधिकारी ऑफिस मंजूर करतं आणि काम सरकारी यंत्रणा करते. त्या पैशातून काय होतं ते आजूबाजूच्या गावांत जाऊन बघा, कमान, पेव्हिंग ब्लॉक, स्टेज, गॅलरी, म्हणजे जे सिमेंटचं आहे आणि ज्यावर नाव लिहिता येतं ते. म्हणून तिकडे अशीच कामं मागा जी सिमेंटची आहेत पण तुमच्या उपयोगाची आहेत, पक्की गटार, बोअर आणि पाण्याची टाकी, टॉयलेट. नाव टाकीवर लिहा की! माती आणि गवतासाठी तुमची वर्गणीच लागणार. आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात क्रीडांगण विकास अनुदानाचा अर्ज पण टाकून ठेवा, ती योजना नेमकी याच कामासाठी आहे आणि ग्रामपंचायत, शाळा, नोंदणी झालेली संस्था कुणीही मागू शकतं.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, गडहिंग्लज भागात आमचं गाव, इथे फुटबॉल लई आहे. मुलींची टीम दोन वर्षांपासून सुरू आहे. ग्राउंडवर टॉयलेट नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, मुली घरून पाणी न पिता जातात. कमिटीने जमलेल्या पैशातून प्रेक्षक गॅलरी करायचं ठरवलंय. आम्ही बायका बोललो तर म्हणतात पुढच्या वर्षी बघू.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घरून पाणी न पिता खेळायला जाणाऱ्या मुलीला उन्हात चक्कर आली तर कमिटी गॅलरीत बसून बघणार आहे का?

आता रागावून झालं, कामाचं बोलू. कमिटीला गॅलरी का हवी आहे ते समजून घ्या, गॅलरी झाली की टुर्नामेंट, टुर्नामेंट झाली की गेटचे पैसे, असा त्यांचा हिशोब आहे आणि तो अगदी चुकीचा पण नाही, दिवाळीच्या सुट्टीत गडहिंग्लजला फुटबॉल बघायला केवढी गर्दी होते ते आपण जाणतोच. पण बाहेरच्या टीम, रेफ्री, बघायला येणाऱ्या बायका, या सगळ्यांना टॉयलेट लागतंच, तेव्हा गॅलरीच्या आधी ते करावंच लागतं हे त्यांना त्यांच्याच हिशोबात दाखवा. वर मी सीएसआरबद्दल लिहिलंय ते पण दाखवा, मुलींची चालू टीम असलेल्या क्लबाचा अर्ज आणि नसलेल्याचा अर्ज यात देणारा कुठला उचलेल हे सांगायला नको.

एवढ्यानेही हललं नाही तर तुमचे पैसे वेगळे ठेवा. गावात बचत गट असतील, त्यांच्यामार्फत फक्त टॉयलेट आणि चेंजिंग रूमसाठी गोळा करा, क्लबच्या खात्यात देताना सोबत पत्र द्या की ही रक्कम याच कामासाठी आहे, दुसरीकडे वापरायची नाही, आणि त्या पत्रावर पोचसही घ्या. विशिष्ट कामासाठी दिलेली देणगी संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही, ऑडिटर विचारतो. आणि पुढच्या वार्षिक सभेच्या आधी तुमच्यातल्या जितक्या जणी सभासद होऊ शकतात तितक्या व्हा, क्लबच्या घटनेत जी फी असेल ती भरा. मतं असली की "पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर बंद होतं. मुलीला म्हणावं, पाणी पिऊन जा, टॉयलेट होईतोवर ग्राउंडशेजारच्या एखाद्या घरी सांगून ठेवा.

प्रश्न : टुर्नामेंट भरवून पैसे उभे राहतात का? आम्ही दोन वर्षं भरवली, दोन्ही वेळा खिशातले गेले.

बक्षीस किती ठेवलं होतं? पहिलं बक्षीस एक्कावन्न हजार, भलीमोठी ट्रॉफी, डीजे, फ्लेक्स, पाहुण्यांचे फेटे, असा थाट केला की गेट कितीही आलं तरी उरत नाही. पैसा उभा करायला टुर्नामेंट घेत असाल तर ती छोटी ठेवा, आजूबाजूच्या दहा-बारा गावांच्या टीम, एंट्री फी, ट्रॉफी फिरती, आणि खाण्याचे स्टॉल क्लबने स्वतः चालवायचे, कारण खरी कमाई वडापाव-चहात आहे.

केरळात मलबारकडे सेव्हन्स फुटबॉल चालतो, सात-सात जणांच्या टीम, लहान ग्राउंड, भोवती बांबू-फळ्यांची तात्पुरती गॅलरी, तिकीट लावून रोज रात्री मॅच, त्यातून कितीतरी क्लब आणि दवाखाने चाललेत. आपल्याकडे करण्यासारखं आहे, एकच सोडून, ती तात्पुरती गॅलरी. मार्च २०२२ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात फायनलच्या रात्री अशीच गॅलरी माणसांसकट खाली आली, शंभरावर लोक जखमी झाले आणि आयोजकांवर केस झाली. लोकांना बांधावर बसवा, मातीचा बांध कोसळत नाही.

प्रश्न : आमी पेडण्यात नाटक करून पैसे उभे करायचं ठरवलंय, चलेल ना?

चालेल, पण तुमच्याकडे जत्रेला अख्खी रात्र नाटक फुकट बघायची सवय आहे, तिकिटावर फार भरवसा ठेवू नका. स्मरणिका काढा, दुकानदारांच्या जाहिराती घ्या, नाटकाच्या आधी पैसे हातात यायला हवेत.

प्रश्न : गवत लावायचं की टर्फ टाकायचं? आजकाल सगळीकडे टर्फ झालेत.

शहरात जे टर्फ दिसतात ते पाच-सहा जणांचे, तासावर भाड्याने जाणारे. पूर्ण ग्राउंडला तसलं टाकायचं तर आकडा कोटीत जातो आणि आठ-दहा वर्षांत ते बदलावं लागतं, तेव्हा परत कोण देणार? गवतच लावा, आणि विकतचं नको, आपली हरळी. ज्या हरळीला ऊसवाला शिव्या घालतो तीच ग्राउंडला सगळ्यात बेस्ट, तुडवली तरी परत उठते, आणि शेतकरी काढून नेलीत तर वर चहा पाजतील. जूनच्या पावसावर वीतभर अंतराने मुळ्या टोचा, दोन-तीन महिने कुणालाही आत सोडू नका, पोरांना सांगणं अवघड असतं पण सांगा.

मात्र पाणी मोजून घ्या. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तर मोठ्या ग्राउंडला साधारण ३५,००० लिटर लागतं, दहा हजारी टँकर असेल तर रोजचे साडेतीन. विहीर, बोअर किंवा कुणाच्या लिफ्ट इरिगेशनचं कनेक्शन कायमचं मिळत नसेल तर बाराही महिने हिरवं ग्राउंड हा नाद सोडा, पावसाळ्यात येईल तेवढं गवत, उन्हाळ्यात रोलर मारलेली चांगली माती, त्यावर उत्तम फुटबॉल होतो.

गवत असो की माती, निगेचा खर्च कायमचा, म्हणूनच जमलेल्या पैशातला निदान पाचवा हिस्सा क्लबच्या नावाने एफडीत टाका आणि तो कामात घेऊच नका. व्याजातून चुना, जाळी, गवत कापायचं पेट्रोल आणि एका माणसाचा थोडाफार पगार निघाला पाहिजे. देणगीदाराला रोलर मारणाऱ्याच्या पगारावर आपलं नाव लिहिता येत नाही, त्यामुळे यासाठी कुणी वेगळे पैसे देत नाही, ते आधीच बाजूला काढावे लागतात. २०१७ ला अंडर-१७ वर्ल्डकप भारतात झाला, आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, त्या आधी सप्टेंबरात राज्यभर शाळांत फुटबॉल वाटले, किती उत्साह होता तेव्हा. आता त्या शाळांची मैदानं बघून या. बॉल मिळाले, मैदानाकडे बघायला माणूस कुणी नेमलाच नाही.

प्रश्न : ग्राउंड झालं, छान झालं, आता त्यावर लग्नं लागायला लागलीत. सरपंच म्हणतात पंचायतीची जागा आहे, नाही म्हणता येत नाही.

नाही म्हणता येत नसेल तर हो म्हणा, पण दर लावून. पंचायतीच्या ठरावातच लिहून घ्या की भाड्याचा निम्मा वाटा ग्राउंडच्या खात्यात, मंडप फक्त गोलच्या मागे किंवा कडेला, मधल्या भागात नाही, गाड्या आत नाहीत, आणि डिपॉझिट आधी रोख. पावसाळ्यात आणि हरळी लावल्यावर तीन महिने पूर्ण बंद. यात्रेचे पाळणे येत असतील तर त्यांना हाच नियम, त्यांचे खड्डे लग्नापेक्षा खोल असतात. आणि मंडपवाला लोखंडी खुंट्या ठोकेल त्या ठोकतानाच मोजून कागदावर लिहा, त्याची सही घ्या, उपटल्यावर परत मोजा, एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत डिपॉझिट सोडू नका, पोरं अनवाणी पण खेळतात.